भोपळ्याचं लग्न आणि व्हॅनिला

एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर भोपळा, काकडी लावणाऱ्या मंडळींची तक्रार ठरलेली. वेल जोरात, फुलं ढीगभर, पण इवलासा भोपळा धरतो, पिवळा पडतो नि गळतो. खताला शिव्या घालून उपयोग नाही. पोळ्यात पिल्लांजवळ ३४-३५ अंश तापमान राखावं लागतं. बाहेर उन्हाचा कहर झाला की बऱ्याच कामकरी माश्या मकरंद सोडून पाणी आणायला लागतात. ते पोळ्यात पसरायचं आणि पंखांनी वारा घालायचा, आपल्या डेझर्ट कूलरचंच तत्त्व! त्यात भोपळ्याचं फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं, आणि उष्म्यात नर फुलंच जास्त येतात. मग माशीचं काम आपण करायचं: नर फूल तोडून मादी फुलावर घासायचं.

या साध्या वर्कअराउंडवर एक अख्खा उद्योग उभा राहिलाय राव!

मूळचा मेक्सिकोतला व्हॅनिलाचा वेल १८२०च्या आसपास हिंदी महासागरातल्या रियुनियन (तेव्हाचं बोर्बन) बेटावर पोचला. वेल वाढले, शेंगा मात्र धरेनात. त्या फुलाशी जमणारे किडे मेक्सिकोतच राहिले होते. १८३६ साली बेल्जियममध्ये शार्ल मॉरेनने हाताने परागीभवन करून दाखवलं, पण ती पद्धत काही मळ्यात चालण्यासारखी नव्हती.

रियुनियनवर बेलिए-बोमों नावाच्या मळेवाल्याकडे एदमों नावाचा गुलाम मुलगा होता. आई जन्मताच गेलेली, शाळेचा पत्ता नाही. मालकाने त्याला भोपळ्याच्या जातीतल्या एका वेलाच्या फुलांचं 'लग्न' लावायला शिकवलं होतं. १८४१ मध्ये, बाराव्या वर्षी, या पोराने तीच युक्ती व्हॅनिलावर चालवली. काडीने फुलातला मधला पडदा उचलायचा, अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायचा. बस्स, काही सेकंदांचं काम! मादागास्करच्या मळ्यांत आजही हेच चालतं, एकेक फूल हाताने. आणि फूल टिकतं जेमतेम एक दिवस.

पुढे रिशार नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'हे मीच दाखवलं होतं' असा दावा ठोकला. (क्रेडिट ढापणारे सीनियर तेव्हाही होते तर.) बेलिए-बोमोंने पत्र लिहून एदमोंची बाजू घेतली, याबद्दल त्याला मानलं. पण शेवटी मालक तो मालकच. एदमोंला स्वातंत्र्य मिळालं ते १८४८ मध्ये, बेटावरच्या सगळ्याच गुलामांबरोबर. आल्बियस हे आडनावही तेव्हाचंच. नंतर चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला. बेट व्हॅनिलावर गब्बर होत असताना १८८० मध्ये तो दारिद्र्यात वारला.