एकच यंत्र, दोन वाटा

काशीतील मंगलागौरीचे मंदिर पंचगंगा घाटापाशी आहे. शेजारच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. देवीच्या दर्शनाला येणारा मराठी यात्रेकरू ज्या आगगाड्यांतून काशीस उतरू लागला, त्या ओढणारी कित्येक डिझेल इंजिने याच नगरीच्या बाह्य भागातील कारखान्यात घडली. तेथून पहिले इंजिन १९६४ च्या जानेवारीत बाहेर पडले. त्याची शक्ती होती २६०० अश्वशक्ती.

अशा इंजिनात डिझेल यंत्र चाकांना थेट जोडलेले नसते. उभी असलेली जड गाडी हलविण्यास प्रारंभीच मोठा जोर लागतो, आणि डिझेल यंत्राचा जोर ते फिरू लागल्यावरच मिळतो. म्हणून ते जनित्र फिरविते, आणि जनित्राची वीज चाकांच्या आसांवरील सहा मोटारींना गती देते. गतीची वीज आणि विजेची पुन्हा गती, असा हा प्रवास आहे.

याचे मूळ मायकेल फॅरडेच्या प्रयोगांत सापडते. वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरते, हे त्याने १८२१ साली दाखविले. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या परस्पर हालचालीने वीज उपजते, हे त्याने १८३१ साली सिद्ध केले. तरीही मोटार आणि जनित्र यांची रचना एकच असू शकते, हे जगापुढे ठसठशीतपणे आले ते १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात. तेथे ग्रामच्या एका जनित्राची वीज तशाच दुसऱ्या यंत्रास दिली, तेव्हा ते मोटार होऊन फिरू लागले.

मात्र निसर्ग काही फुकट देत नाही. जनित्रातून वीज घेऊ लागताच ते फिरण्यास विरोध करते, आणि तो विरोध मोडण्याचे मोल इंधनाने चुकवावे लागते. त्या विरोधाचाच उपयोग उतारावर होतो. तेथे मोटारी जनित्रे बनतात आणि गाडीस आवरतात. डिझेल इंजिनात ती वीज रोधकांत तापून हवेत विरते. श्रमाने मिळविलेली गती अशी वाया जाते.

काशीच्या कारखान्यात २०१७ पासून विजेची इंजिनेही बनू लागली, आणि २०२० साली कारखान्याच्या नावातील ‘डिझेल’ हा शब्द गेला. नव्या विद्युत इंजिनांत उतारावरची ती वीज तारेत परत जाते व दुसऱ्या गाडीच्या कामी येते. जनित्र आणि मोटार एकच आहेत, हे व्हिएन्नातील नवल आज असे आपले इंधन वाचवीत आहे.