‘सैराट’ची विहीर

दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसलं की भिगवण, पारेवाडी मागे टाकत जेऊर येतं. दिग्दर्शक नागराज मंजुळे इथलेच. २०१६ साली आलेल्या त्यांच्या ‘सैराट’चं बरंचसं चित्रीकरण याच करमाळा तालुक्यात झालं.

आमच्या शिरूर-दौंडकडच्या कुणाला करमाळ्याच्या कमलादेवीचं नाव सांगावं, तर पटकन प्रश्न येतो, ‘म्हणजे सैराटमधली विहीर ना?’ होय, तीच. ९६ पायऱ्यांची. पण तिची ओळख एवढीच नाही. कमलादेवीचं मंदिर अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी उभारलं. विहीर त्याच परिसरातली. आपल्यासारखाच हा दुष्काळी टापू. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, तरी माणसाला पायीपायी उतरून घागर भरता यावी, म्हणून एवढ्या पायऱ्या!

वाईजवळच्या मेणवलीचंही असंच. तिथला नाना फडणवीसांचा घाट अनेकांना २००४ च्या ‘स्वदेस’मुळेच ठाऊक झाला.

यात सिनेमाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. उलट, कॅमेरा न पोचलेल्या कितीतरी बारवा गाळानं नि कचऱ्यानं बुजून गेल्या. सिनेमानं पत्ता दिला. पुढची माहिती देणं आपलं काम. निदान विहिरीपाशी एक मराठी फलक हवा. कुणी बांधली, कशासाठी बांधली, एवढं त्यावर असावं. फोटो काढून परतणारं पोर तेवढं तरी सोबत नेईल.