वऱ्हाडात कोणता कायदा चालतो? अचलपूरच्या न्यायालयांची एक विसरलेली अडचण

भारतीय दंड संहितेची जुनी, टिपांसह छापलेली प्रत हाती आली, तर आरंभीच्या पानाची तळटीप अवश्य वाचा. हा कायदा १९४१ च्या चौथ्या अधिनियमाने वऱ्हाडास लागू करण्यात आला, अशा अर्थाची नोंद तेथे दिसेल. १९३० चा मालविक्री कायदा आणि १९३२ चा भागीदारी कायदा यांच्या तळाशीही हीच नोंद आहे.

दंड संहिता तर १८६० ची. मग १९४१ पर्यंत अचलपुरात चोराला शिक्षा होत होती, ती कोणत्या कलमाखाली?

त्याच कलमाखाली. परंतु ते कलम अचलपुरात पोचले होते ते वेगळ्या वाटेने.

१८५३ च्या तहाने निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. कारभार इंग्रजांचा, सार्वभौमत्व निजामाचे. सरकारी कागदांत या मुलखाचे नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ होते. परिणामी वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ या व्याख्येत बसत नव्हते, आणि कलकत्त्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा येथे आपोआप लागू होत नव्हता. गव्हर्नर-जनरलच्या सरकारने स्वतंत्र अधिसूचना काढावी, मग तो येथे चालावा. कधी जसाच्या तसा, कधी फेरफारांसह. १८९६ चा वऱ्हाडचा जमीन महसूल कोड तर कोणत्याही विधिमंडळापुढे न जाता सरकारी हुकमानेच अमलात आला.

आता अचलपूरकडे पाहा. इंग्रजी दप्तरातले हे ‘एलिचपूर’ १८६७ मध्ये स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. उत्तरेला सातपुडा ओलांडला की बैतूल, म्हणजे मध्यप्रांत, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान. तेथील न्यायाधीशाने कायद्याचे पुस्तक उघडले की काम भागे. अचलपूरच्या न्यायाधीशाला त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागे: हे पुस्तक येथे चालते काय? चालत असेल तर कोणत्या अधिसूचनेने? मूळ कायद्यात मागाहून दुरुस्ती झाली असेल, तर ती दुरुस्तीही आली की जुनाच पाठ कायम आहे? उत्तर चुकले, तर सगळा निकालच अपिलात डळमळण्याची भीती.

हे ज्ञान कायद्याच्या पुस्तकात नव्हते. ते वर्षानुवर्षांच्या गॅझेटांत विखुरलेले होते. ज्या कचेरीत गॅझेटांची फाइल नीट लावलेली आणि शिरस्तेदार जुना व जाणता, त्या कचेरीचे काम सुरळीत चालणार. तो बदलून गेला की नव्याने शोधाशोध. पूर्वी परगण्याचे हक्क आणि वहिवाट देशपांड्यांच्या रुमालांत बांधलेली असे, आणि ते दप्तर घराण्याकडेच राही. इंग्रजी अमलात दप्तर सरकारी झाले खरे, पण ‘कोणाला माहीत आहे’ यावरचे अवलंबन काही एकदम सुटले नाही.

उपाय म्हणून याद्या छापल्या गेल्या. देशी राज्यांत लागू असलेल्या ब्रिटिश कायद्यांचे जे. एम. मॅकफर्सन यांनी केलेले संकलन हे त्यांतले महत्त्वाचे. आज असे ग्रंथ रुक्ष वाटतात. अमुक कायदा, अमुक अधिसूचना, अमुक फेरफार, एवढेच त्यांत असते. पण ज्याला संध्याकाळपर्यंत निकाल लिहायचा आहे, त्याच्या दृष्टीने त्यांची किंमत मोठी होती.

१९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत विलीन झाला. त्याच वर्षापासून ‘नागपूर लॉ रिपोर्ट्स’चे खंड सुरू झाले. नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांच्या न्यायालयाने एखाद्या मुद्द्यावर काय ठरवले, हे आता सातपुड्याच्या पायथ्याच्या वकिलालाही छापील रूपात वाचता येऊ लागले. वरिष्ठ न्यायालय एक झाले. कायदा लागू होण्याच्या वाटा मात्र दोनच राहिल्या.

(ही विसंगती न्यायालयांपुरतीच नव्हती. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात मतदान होई, लोक प्रतिनिधी निवडत, आणि मग सरकार त्याच निवडलेल्या माणसांची कागदोपत्री ‘नेमणूक’ करी!)

१९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाड हा कारभारापुरता एक प्रांत ठरला, १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय आले, पण निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व तसेच मान्य ठेवले गेले. जुन्या अधिसूचनांचा ढीगही होताच. तो मोडला ‘बेरार लॉज ॲक्ट, १९४१’ ने. परिशिष्टांत कायद्यांची यादी देऊन ते सरळ वऱ्हाडास लागू केले गेले. अधिसूचनेच्या आधारावर उभी असलेली दंड संहिता तेव्हा प्रथमच विधिमंडळाच्या कायद्याने येथे आली. माझ्या मते वऱ्हाडच्या न्यायालयीन दप्तराची ही सर्वांत मोठी साफसफाई. इतिहासाच्या पुस्तकांत तिला एक ओळही क्वचितच मिळते.

१९५६ मध्ये सारे पुन्हा हलले. मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. अचलपूरच्या अपिलाची वाट नागपूरकडेच राहिली. जमिनीच्या जुन्या वादात मात्र येथील वकिलाला मुंबईच्या खंडांबरोबर ‘नागपूर’ असे छापलेले जुने खंडही उघडावे लागत.