सहभागी वस्तुरचना

सहभागी वस्तुरचना : एखादी वस्तू, अवजार किंवा सोय ज्यांच्या वापरासाठी करायची, त्या लोकांना गरज ठरवण्यापासून नमुना पारखण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर बरोबरीने सामील करून घेणारी निर्मितीपद्धत. तयार वस्तू दाखवून अभिप्राय घेणे म्हणजे ही पद्धत नव्हे. अडचण कोणती, ती आधी कोणाची सोडवायची आणि वस्तू बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हे प्रश्न वापरणाऱ्यांनीच मांडावेत, हा तिचा गाभा आहे. ग्रामीण तंत्रज्ञान, वृद्धांसाठीच्या सोयी, आपत्तीनंतरची पुनर्बांधणी आणि पाणलोट नियोजन या क्षेत्रांत ती विशेष उपयोगी ठरली आहे.

परंपरा : महाराष्ट्राच्या गावगाड्यात अवजार घडवणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखत असत. तिफण हे त्याचे बोलके उदाहरण. तीन फण, त्यांना जोडलेल्या पोकळ नळ्या आणि वर बियाणे सोडण्यासाठी लाकडी चाडे अशी तिची रचना असते. दोन फणांतले अंतर पीक आणि जमीन पाहून ठरे. चाड्यावर मूठ धरणारी अनेक ठिकाणी घरातली बाईच असे आणि बियाणे दाट पडायचे की विरळ, हे तिच्या मुठीवर अवलंबून असे. सुताराने केलेल्या तिफणीत खोट निघाली, तर ती त्याच हंगामात त्याच्या दारात परत येई. कारखान्यातील उत्पादन वाढले, तसा हा रोजचा संबंध तुटत गेला. आधुनिक सहभागी वस्तुरचना तो संबंध नव्या साधनांनिशी जोडू पाहते. मात्र जुन्या व्यवस्थेत जातीने बांधून टाकलेले काम आणि त्यातली विषमता तिला मान्य नाही.

इतिहास : भारतातील एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे 1929 साली अखिल भारत चरखा संघाने जाहीर केलेली सुधारित चरख्याची स्पर्धा. बक्षीस होते एक लाख रुपये. चरख्याची किंमत दीडशे रुपयांपुढे जाऊ नये, स्त्रीला तो फारसे श्रम न पडता आठ तास चालवता यावा, तेवढ्या वेळात 16,000 फूट सूत निघावे, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांत बसावा, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीत गणेश भास्कर काळे यांनी या स्पर्धेसाठी यंत्र तयार केले. पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. कातणारीचे श्रम, तिची ऐपत आणि दुरुस्ती या गोष्टी अटींच्या केंद्रस्थानी होत्या, हे या स्पर्धेचे मोठेपण. रचना मात्र तंत्रज्ञांवर सोपवलेली होती. येरवडा तुरुंगात स्वतः रोज कातत असताना गांधीजींच्या सूचनांतून आकाराला आलेला सुटसुटीत पेटीचरखा वापरात रुळला, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

युरोपात ही पद्धत 1970 च्या दशकात कामगार चळवळीतून पुढे आली. नॉर्वेत क्रिस्टन न्यूगार्ड यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करून, कारखान्यात येणाऱ्या संगणकांविषयी कामगारांनाही निर्णयाचा हक्क असावा, अशी मांडणी केली. 1981 ते 1985 या काळातील ‘युटोपिया’ प्रकल्पात स्वीडन आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी मुद्रण कामगारांसोबत पुठ्ठ्याचे नमुने वापरले. रिकाम्या खोक्याला लेसर प्रिंटर मानून कामगार कामाचा क्रम करून दाखवत आणि त्यातून यंत्रणेतल्या उणिवा आधीच कळत.

भारतात चार्ल्स व रे ईम्स यांचा ‘इंडिया रिपोर्ट’ (1958), अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (1961) आणि मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र (1969) यांनी या विषयाच्या शिक्षणाचा पाया घातला. औद्योगिक रचनेची सांगड विकासाशी घालणारा अहमदाबाद जाहीरनामा 1979 साली प्रसिद्ध झाला.

पाबळचा प्रयोग : महाराष्ट्रात या पद्धतीचे सर्वांत भक्कम रूप पुणे जिल्ह्यातील पाबळ (ता. शिरूर) येथील विज्ञान आश्रमात दिसते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग (1928–2003) यांनी 1983 साली पत्नी मीरा यांच्यासह या अवर्षणप्रवण गावात आश्रम उभारला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. शाळा सुटलेली मुले येथे शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करत शिकतात. शिकता शिकता गावाला सेवा पुरवणे हा अभ्यासाचाच भाग असल्यामुळे गावाच्या अडचणी थेट कार्यशाळेत येऊन पडतात.

‘पाबळ डोम’ या घुमटाकार घराची रचना याची साक्ष देते. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण बोल्टने जोडत सांगाडा चढवायचा, त्यावर जाळी बसवून सिमेंटचा गिलावा करायचा. मधे खांब लागत नाही, सामान कमी लागते आणि वेल्डिंग, मोजमाप व गिलावा शिकलेली मुले तो उभा करू शकतात. जुन्या जीपचे सुटे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर त्याच विचारातला : जे सुटे भाग बाजारात मिळतात आणि ज्यांची दुरुस्ती तालुक्याच्या गॅरेजमध्ये होते, त्यांच्यावरच रचना बेतायची.

2002 मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. संगणकावरील आराखड्यावरून लाकूड, प्लास्टिक किंवा सर्किट बोर्ड कापणारी यंत्रे गावात आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. एलईडी दिवे आणि अंडी उबवणी यंत्र यांसारख्या वस्तूंवर येथे काम झाले. 2009 साली फॅब लॅबची पाचवी आंतरराष्ट्रीय परिषद पुण्यात भरली.

जपानमधील विस्तार : याच मालिकेतील नववी परिषद 2013 साली योकोहामाला झाली. जपानमधील पहिल्या फॅब लॅब 2011 मध्ये कामाकुरा आणि त्सुकुबा येथे निघाल्या. केइओ विद्यापीठाचे हिरोया तानाका हे या चळवळीचे प्रवर्तक. जपानमध्ये 65 वर्षांवरील लोकांचे प्रमाण 29 टक्क्यांच्या आसपास आहे आणि खेडी ओस पडत आहेत. त्यामुळे पुढच्या काळातील वस्ती कशी असावी, हा तेथे तातडीचा प्रश्न आहे. कामाकुरातील इमाइझुमिदाई या डोंगरावरच्या जुन्या वसाहतीत 2017 पासून रहिवासी, टोकियो विद्यापीठ, नगरपालिका आणि कंपन्या एकत्र बसून वयस्कांना व तरुण कुटुंबांना सोयीच्या वस्तूंचा व सेवांचा विचार करतात.

मार्च 2011 च्या भूकंप व त्सुनामीनंतर मियागी प्रांतातील इशिनोमाकी येथे वास्तुरचनाकार केइजी आशिझावा आणि स्थानिकांनी सार्वजनिक सुतारशाळा उघडली. दुकाने आणि घरे स्वतः सावरता यावीत, म्हणून हत्यारे व लाकूड सर्वांना खुले ठेवले. उघड्यावरच्या चित्रपटाच्या खेळासाठी तांत्रिक शाळेतील मुलांनी साधी बाके केली. तेच ‘इशिनोमाकी बाक’ पुढे देशोदेशी विकले गेले आणि कार्यशाळेचा कायमचा उद्योग झाला.

मराठवाड्यातील उपयोग : जालना जिल्ह्याला सामूहिक नियोजनाचा चांगला अनुभव आहे. कडवंची गावात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने काम झाले. शेततळ्यांच्या बळावर तेथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. या कार्यक्रमात शेतकरी नवरा-बायकोने आपल्याच शेतात उभे राहून गटनंबरवार बांधबंदिस्ती ठरवण्याची पद्धत रूढ झाली. 2018 पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही जालना जिल्हा असून, त्यात गावकऱ्यांसह सूक्ष्म नियोजन आणि पाण्याचा ताळेबंद मांडला जातो.

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावात ही पद्धत पाण्याकडून अवजारांकडे नेण्यास मोठा वाव आहे. या भागातील शेती मुख्यतः पावसावरची. कापूस, सोयाबीन, मका ही पिके. खुरपणी आणि वेचणी बहुतांशी बायकाच करतात. कमरेच्या ओटीत कापूस साठवत दिवसभर वाकून वेचणाऱ्या मजूर बाईला काय हवे, हे तिच्याखेरीज कोण सांगणार? वजन कमरेवर यावे की खांद्यावर, ओटी केव्हा रिकामी करावी लागते, पऱ्हाटीच्या काटक्यांनी हात कोठे सोलवटतात, ही तिची माहिती आराखड्याची पहिली ओळ व्हायला हवी. गावातील वेल्डिंगचे दुकान, सुतार, माध्यमिक शाळा आणि महिला बचत गट यांना जोडून पहिला नमुना त्याच हंगामात शेतात उतरवता येतो.

मर्यादा : बैठकीत मोठ्या खातेदाराचा आवाज चढतो, भूमिहीन व बायका गप्प राहतात. रोजंदारी बुडवून चर्चेला बसणाऱ्यांना त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. निधी संपला की नमुने धूळ खात पडतात. श्रेय आणि मिळकत यांचा प्रश्नही अवघड आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे (मृ. 2018) यांनी निवडीतून विकसित केलेला एचएमटी तांदूळ दूरवर पेरला गेला, त्यांचे आयुष्य मात्र हलाखीतच गेले. म्हणून रचनेत ज्यांचा वाटा, त्यांची नावे व हिस्सा आरंभीच लेखी ठरवणे आवश्यक आहे.

मूल्यमापन : पाबळ आणि इशिनोमाकी येथील यशामागे एकच कारण ठळक दिसते : कार्यशाळा लोकांच्या वस्तीत होती आणि प्रकल्पाचा पहिला उत्साह सरल्यावरही ती उघडी राहिली. नुसत्या चर्चासत्रांतून वस्तू घडत नाहीत. मराठवाड्यात ही पद्धत रुजवायची, तर मोठ्या गावात शाळेला जोडून एक सुसज्ज, सर्वांना खुली कार्यशाळा आणि तेथे शिकवणारा पूर्णवेळ कारागीर, ही पहिली गुंतवणूक ठरते.