गर्टी कोरी: पद सहायकाचं, काम नोबेलचं

2008 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने गर्टी कोरी यांच्यावर तिकीट काढलं. त्यावर कोरी दांपत्याने शोधलेल्या रेणूची आकृती छापली, आणि नेमकी तीच चुकली! या बाईंना हयातीत संस्थांनी जसं वागवलं ते वाचलं, की या चुकीचंही फारसं नवल वाटत नाही.

जन्म प्रागचा, 1896 चा. 1920 मध्ये डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी वर्गमित्र कार्ल कोरींशी लग्न केलं आणि 1922 मध्ये अमेरिकेतल्या बफेलोला आल्या. तिथे दोघांनी मिळून काम करू नये म्हणून दबाव. दोघांनी ऐकलं नाही. 1929 मध्ये त्यांनी मांडलेलं 'कोरी चक्र' आज बारावीनंतर जीवरसायन शिकणारं प्रत्येक पोर घोकतं. आपण जोरात पळतो तेव्हा स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होतं, ते रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं आणि स्नायूंकडे परत येतं.

या कामानंतर विद्यापीठं कार्लना बोलवायला लागली. एकट्या कार्लना, बरं का! एका ठिकाणी तर गर्टींना सुनावलं गेलं, की नवऱ्याने बायकोबरोबर काम करणं अमेरिकन रीतीला धरून नाही, तुम्ही त्याच्या वाटेत येताय. 1931 मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने दोघांना घेतलं खरं, पण कार्ल विभागप्रमुख आणि गर्टी संशोधन सहायक, पगार नवऱ्यापेक्षा कितीतरी कमी. (हसू नका. त्याच दशकात, 1933 मध्ये, मुंबईच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळुरूच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलं आणि मग अटी घालून घेतलं होतं. त्याही जीवरसायनातल्याच.)

पूर्ण प्राध्यापकपद गर्टींना मिळालं 1947 मध्ये. त्याच वर्षी नोबेल! अर्धा पुरस्कार कोरी दांपत्याला, अर्धा अर्जेंटिनाच्या हुसाय यांना. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आणि त्याच सुमाराला रक्त न बनण्याचा असाध्य आजार निघाला.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम यानंतरचं आहे. नोबेलपेक्षाही.

काही मुलं जन्मतःच अशी असतात की यकृत सुजून पोट मोठं होतं आणि दोन घास चुकले तरी रक्तातली साखर धाडकन उतरते. यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ठासून भरलेली. गोदाम भरलेलं आणि घरात उपास! हा आजार 1929 पासून माहीत होता, कारण माहीत नव्हतं. अशा मुलांच्या यकृताचे नमुने कोरींनी तपासले. 1952 मध्ये त्यांनी दाखवलं, की काही मुलांत साखर बाहेर सोडणारं शेवटचं एन्झाइम (आपल्या पुस्तकांतलं 'विकर') जवळजवळ नव्हतंच. पण सगळ्यांत असं नव्हतं. म्हणजे वरून सारखा दिसणारा आजार एक नव्हताच!

मग त्या मागेच लागल्या. ग्लायकोजेनचा रेणू झाडासारखा फांद्या फुटलेला असतो. फांदीचं टोक कुरतडणारं एन्झाइम वेगळं, फांदीचा सांधा तोडणारं वेगळं. एका मुलीच्या ग्लायकोजेनच्या बाहेरच्या फांद्या फार आखूड दिसल्या, त्यावरून त्यांनी ताडलं की सांधा तोडणारं एन्झाइम नसावं. 1956 मध्ये ते सिद्धही झालं. आज त्याला 'कोरी रोग' म्हणतात. आनुवंशिक आजार म्हणजे एखाद्या एन्झाइमची उणीव, हा इंग्लंडच्या गॅरड यांचा 1908 चा तर्क. गर्टींनी तो यकृताच्या तुकड्यात, परीक्षानळीत दाखवला.

हे सगळं करताना त्या वारंवार दुसऱ्याचं रक्त चढवून घेत होत्या. प्रयोगशाळेजवळच्या खोलीत एक लहान खाट टाकलेली होती, दमल्या की आडव्या व्हायच्या. ऑक्टोबर 1957 मध्ये, 61 व्या वर्षी, त्या गेल्या.

मुलांसाठी सोपा उपाय सापडला 1984 मध्ये: कच्चं कॉर्नफ्लोअर! शिजवलेलं लगेच पचतं, कच्च्यातून ग्लुकोज तासन् तास हळूहळू सुटत राहतं. आजही अशा घरांत आईबाप रात्री गजर लावून उठतात, वजन करून घेतलेलं पीठ गार पाण्यात कालवतात आणि झोपेतल्या लेकराला उठवून पाजतात.