कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी : आधारसामग्री व शोधनिबंध यांच्यातील दुव्याचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा निष्कर्षांचा इतिहास लिहितो. ज्या नोंदींवर ते निष्कर्ष उभे असतात, त्या कोठे राहिल्या व कोणास सापडल्या, याची चौकशी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या आधारे ही चौकशी केली आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरील प्रखर उद्रेक पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. कुलाब्याचे निरीक्षक त्या काळी उपकरणावरील आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवीत. त्यांच्या नोंदीनुसार चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. मुंबई ध्रुवीय प्रकाशाच्या नेहमीच्या पट्ट्यापासून दूर असल्याने या नोंदीचे मोल विशेष होते.

ही नोंद गुप्त नव्हती. ती वेधशाळेच्या छापील खंडांत होती. पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर मूस यांनी तर १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचा विवेचनासह संग्रह १९१० मध्ये प्रसिद्ध केला. तथापि ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ससिंग लखीना प्रभृतींनी २००३ मध्ये कुलाब्याच्या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हाच त्या आकड्यांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. मधल्या काळात, मार्च १९८९ मध्ये, चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेकची वीजव्यवस्था सुमारे नऊ तास बंद पाडली होती. अशा वादळाची कमाल मर्यादा किती, हा प्रश्न केवळ पंडिती उरला नव्हता. २००३ च्या अनुमानावर पुढे आक्षेपही आले. तासाची सरासरी घेतल्यास वादळाची तीव्रता बरीच कमी भरते, असे काहींनी दाखविले. मूळ आकडे समोर होते म्हणूनच हा वाद शक्य झाला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्या नोंदींचे खरे सार्थक यातच आहे.

आकडे जपणे पुरेसे नसते, हेही येथेच दिसते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागेस नेण्यात आली, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. ही माहिती आकड्यांसोबत नसती, तर दोन मालिका जोडताना पुढील अभ्यासक फसला असता.

आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८) निमित्ताने जागतिक आधारसामग्री केंद्रे निर्माण झाली. शोधनिबंध व आधारसामग्री यांना जोडणारा दुवा मात्र बराच उशिरा आला. २००९ मध्ये स्थापन झालेल्या डेटासाइट या संस्थेमुळे आधारसामग्रीच्या संचास डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक देण्याची प्रथा रुळली. यामुळे निबंधाच्या संदर्भसूचीत संचाचा स्वतंत्र उल्लेख करता येतो, आणि संचाच्या वर्णनात त्या निबंधाचा.

आपल्या महाविद्यालयांतील सर्वेक्षणे, पर्जन्यनोंदी, बोलींच्या ध्वनिफिती आजही अनेकदा प्रबंधाच्या परिशिष्टात किंवा विभागाच्या कपाटात राहतात. प्राध्यापक निवृत्त झाले की त्या कपाटात काय आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. कुलाब्याचे आकडे निदान छापले गेले होते.