नववी थाप

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो कानांनीही ओळखता येतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या पैनगंगेकडे उतरत जाणाऱ्या मुलखातील गोंड व कोलाम वस्त्यांतून या दिवसांत दंडारीचे ढोल ऐकू येऊ लागतात. नदीपलीकडे आदिलाबादकडे हीच दंडार मोरपिसांचे भले थोरले मुकुट घातलेल्या गुसाडींना घेऊन गावोगाव फिरते. त्या नाचासाठी मार्लवाईचे कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अलीकडच्या काठालाही आपलाच मान झाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. पुसद-दिग्रसच्या बाजूला बंजारा तांड्यांतून नगारा आणि थाळी यांचा जोड घुमतो. आणि खुद्द यवतमाळात, जिथला दुर्गोत्सव पाहावयास दुरून माणसे येतात, तिथे दसरा उलटून गेला तरी धुमालीचा दणका काही दिवस कानांतून जात नाही.

धुमाल हा नागपूर-वऱ्हाड आणि छत्तीसगड यांचा सामाईक ठेवा. ढोल आहेत, ताशे आहेत, गाडीवर कीबोर्ड आहे. आणि या सगळ्या गलबल्यात एक तरुण एका काळ्या पेटीवर दोन काठ्यांनी शांतपणे ठोकत उभा असतो. पेटीवर रबराच्या आठ चौकटी. एकीवर मारले की ढोलक बोलते, दुसरीवर ताशा, तिसरीवर काच फुटल्यासारखी झांज. पेटीच्या मागून तारा निघालेल्या. एक पायाखालच्या पॅडला, एक बाजूला घोडीवर बसविलेल्या गोल चकतीला. म्हणजे आठांनी भागले नाही म्हणून त्याने नववा, दहावा पॅड जोडून घेतलेला. लोक त्या पेटीला ऑक्टोपॅड म्हणतात आणि वाजविणाऱ्याला पॅडवाला. हा पॅडवाला आमच्या मिरवणुकीत आला कसा, आणि तो जो वाढीव पॅड जोडतो त्याचा अर्थ काय, हे पाहू गेल्यास त्यात आपल्या गावगाड्याचाही थोडा इतिहास हाती लागतो.

*

एका माणसाने अनेक वाद्ये सांभाळावी ही हौस काही आजची नव्हे. गोंधळ्याचे संबळ पाहा. दोन लहानमोठी वाद्ये एकत्र बांधून कमरेशी घेतलेली. एका अंगाला खर्ज, दुसऱ्याला कडाडी. दोन हातांत दोन काठ्या. तबला-डग्गा हीदेखील अशीच जोडी. पण जोडीच्या पुढे जावयाचे म्हटले की माणसाचे हात अपुरे पडत, आणि माणसे वाढवावी लागत. इंग्रजी अमलात आलेल्या पलटणी बँडात मोठा ढोल एकाकडे, लहान ताशा दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे अशी वाटणी होती. लग्नाच्या वरातीतील आपल्या बँडांनी तीच उचलली.

ही वाटणी मोडली ती एका पायाने. अमेरिकेत शिकागो शहरी विल्यम लुडविग नावाच्या वादकाने १९०९ साली ढोल पायाने वाजविण्याचे चांगले चपळ पेडल केले. दोन्ही हात मोकळे झाले. मग ढोलाच्या माथ्यावर लहान ढोल चढले, बाजूला झांजा उभ्या राहिल्या, आणि तिघांचे काम एक माणूस बसल्या जागी करू लागला. हाच 'ड्रमसेट' पुढे मुंबईच्या नाचघरांतून सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरला. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुर्जोर या पारशी घराण्याने तालवाद्यांची केवढी सृष्टी हिंदी गाण्यांत आणली हे जाणकारांना ठाऊक आहे. ती गाणी रेडिओवरून यवतमाळात आणि वणीत पोचली. आणि ती स्टेजवर म्हणून दाखविणाऱ्या ऑर्केस्ट्रांना तसलाच आवाज हवासा वाटू लागला.

*

इथवर गोष्ट वाद्यांची झाली. परंतु आपल्याकडे वाद्य कधी एकटे नसते. ते कोणी वाजवावे हेही ठरलेले असते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील जातीजमातींवर १९१६ साली चार खंड प्रसिद्ध केले. त्यांतही वाजंत्रीचे काम नोंदले आहे ते ज्यांना गाव शिवून घेत नसे अशांच्या नावावर. कारण उघड होते. ढोल, डफडे, हलगी यांवर चामडे असते; चामडे मेलेल्या जनावराचे; आणि मेलेले जनावर ज्याने ओढावयाचे, त्यानेच त्याचे कातडे वाजवावयाचे. देवाची पालखी त्या वाद्यावाचून हलत नसे, लग्न लागत नसे. वाजविणारा मात्र देवळाच्या पायरीखाली उभा. बैल पोळ्याला सजून मानाने पुढे जात, आणि डफडेवाला धुळीतून मागे चाले. मोबदला म्हणून पसाभर धान्य. वाजविणे ही त्याची कला होती, पण ते त्याच्या खुशीचे नव्हते. बोलावणे आले की 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लक्षावधींना दिली. अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. कागदोपत्री मोठा बदल हा दुसरा. पण गावोगावच्या आळ्यांतून जो जाणवला तो पहिला. दीक्षा घेतलेल्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, आणि पुष्कळ गावांतून गावकीचे वाजविणेही सोडले. ज्या हातांना थाप पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती ते हात वाद्यापासून दूर झाले. 'कला बुडाली' म्हणून हळहळणारे तेव्हाही होते. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, ज्याला ती कला नाकारण्याची मुभा नव्हती, त्याच्याकडून ती जपण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

थाप गेली तरी ताल गेला नाही. भीमगीतांचा काळ आला. वामनदादा कर्डकांसारखे शाहीर खेड्याखेड्यांतून गाऊ लागले. पेटी-ढोलकीवर भागविणारी ही गायनपार्टी पुढे पुढे ऑर्केस्ट्राच्या थाटाला पोचली. याच स्टेजवर काही वर्षांनी ती काळी पेटी यावयाची होती.

*

आता थोडे त्या पेटीच्या पोटात डोकावू. गृहिणींनी हा भाग अवघड म्हणून टाकून देऊ नये. स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याच्या लायटरमध्येही हेच तत्त्व आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांतून वीज उमटते, हे पिएर आणि जाक क्यूरी या फ्रेंच भावांनी १८८० साली दाखवून दिले. लायटरचा खटका दाबला की ठिणगी पडते ती त्यामुळेच. अशाच पदार्थाची नाण्याएवढी चकती रबराखाली बसविली की झाला पॅड. काठी पडली की चकतीतून विजेचा लहानसा झटका निघतो. यंत्र तो मोजते, आणि झटका जेवढा जोराचा तेवढा मोठा आवाज काढते. आवाज पॅडमध्ये नसतोच. पॅड ही फक्त दाराची कडी. आत बोलणारा निराळा.

१९७१ मध्ये इंग्लंडातील मूडी ब्लूज या मंडळीच्या ग्रेम एज यांनी असा विजेचा ड्रम ध्वनिमुद्रणात वापरला. १९८१ मध्ये सिमन्स कंपनीचे षट्कोनी पॅड आले. मूळ संच पाच वाद्यांचा. पण पेटीत आणखी दोहोंसाठी जागा राखलेली. म्हणजे 'अजून एक जोडता येईल' हे आमिष या वाद्याच्या जन्मापासूनचे आहे. ते पॅड मात्र इतके टणक होते की वादकांची मनगटे दुखून येत. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 'मिडी' नावाची सांकेतिक भाषा ठरली. तिच्या जोरावर १९८५ साली जपानच्या रोलंड कंपनीने आठ पॅडांची पेटी काढली. आठ म्हणून नाव ऑक्टापॅड. आपल्या जिभेवर ते ऑक्टोपॅड झाले. ही पहिली पेटी स्वतः मुकी होती. तिला दुसऱ्या यंत्राचा आवाज उसना घ्यावा लागे. पुढच्या पेट्यांत आवाज आतच आले. १९९८ च्या एस. पी. डी. २० मध्ये ते सातशे होते, आणि त्यांत तबल्याचे बोलही होते. इथे ही पेटी आपली झाली. ऑर्केस्ट्रा, जागरण, भजन, कव्वाली, भीमजयंती, वरात, सगळीकडे ती शिरली. एका पिशवीत मावते, एस. टी.च्या टपावर नव्हे तर मांडीवर घेऊन नेता येते, पावसात तिचे चामडे ढिले पडत नाही, डफड्यासारखी ती जाळावर शेकावी लागत नाही. वीज गेली तर मात्र पॅडवाला आणि प्रेक्षक एकमेकांकडे पाहत बसतात.

आणि मग आठ पुरेनासे झाले. दोन्ही हातांनी ढोलकीचा ठेका धरला की खर्जासाठी पाय हवा. म्हणून पायाचा पॅड. झांजेसाठी हात उंच न्यावा असे वाटले. म्हणून वेगळी चकती. पेटीच्या मागे यासाठी खाचा असतात. २०१० च्या एस. पी. डी. ३० मध्ये अशा चार होत्या. तार खोचून काम संपत नाही. पेटीला नव्या पाहुण्याची ओळख करून द्यावी लागते: हा किती हलक्या थापेला बोलावा, एका मारात दोनदा बोलू नये म्हणून क्षणभर किती थांबावा. सर्वांत मोठी कटकट शेजाऱ्यांची. सगळे पॅड एकाच लोखंडी घोडीवर बसविले की एकावर मारलेला हादरा नळीतून दुसऱ्याला पोचतो, आणि न मारताच तो बोलू लागतो. उपाय दोन: घोडीच्या सांध्यात रबर किंवा स्पंज घालावा, नाहीतर त्या पॅडचा कान थोडा जड करावा. पण कान फार जड केला तर तो हलकी, नाजूक थापही ऐकेनासा होतो. खाचा संपल्या की एका खाचेचे दोन करणारी तारही मिळते. मात्र तेव्हा मधल्या भागाचा आणि काठाचा असे दोन आवाज काढणाऱ्या पॅडला एकावरच समाधान मानावे लागते. वाढविण्याची किंमत असते, ती अशी.

*

किंमत दुसरीकडेही मोजली गेली. लुडविगच्या पेडलने जे सुरू केले ते ऑक्टोपॅडने पुरे केले: प्रत्येक जोडलेल्या पॅडमागे एक माणूस घरी बसला. ज्या कार्यक्रमाला ढोलकीवाला, ताशेवाला, झांजवाला यावयाचे, तिथे एक तरुण येऊ लागला. यजमानाचे पैसे वाचले. दोन-तीन घरांचा हंगाम गेला.

पण दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. या पेटीवर चामडे नाही. रबर आहे, आणि रबराला जात नाही. कोणी हा हिशेब करून ऑक्टोपॅड विकत घेतला असे मुळीच नव्हे. आवाज आवडला, सोय झाली, म्हणून घेतला. तरी परिणाम डोळ्यांसमोर आहे. आज कोणत्याही आळीतले पोर पॅडवाला होते. ज्याच्या आजोबाने गावकीचे डफडे मानासाठी खाली ठेवले, त्याचा नातू काठ्या हातात घेऊन स्टेजच्या मध्यभागी उभा राहतो. तो हजेरीला आलेला नसतो. ठरवून, सुपारी घेऊन आलेला असतो. 'आज जमणार नाही' असे तो म्हणू शकतो. कलावंताला याहून मोठे बिदागीचे पान दुसरे कोणते?

एकच रुखरुख उरते. त्या सातशे आवाजांत आमच्या डफड्याचा आवाज कुठे आहे? कोलामांच्या ढोलाचा, तांड्यातल्या नगाऱ्याचा? यवतमाळच्या शेजारी, वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा वारशाचे संग्रहालय उघडले. त्या इमारतीलाच नगाऱ्याचा आकार दिला आहे. वाद्याचे असे देऊळ झाले ही मोठी गोष्ट. पण वाद्य शेवटी कानात राहिले पाहिजे.

याचीही सोय आता पेटीतच झाली आहे. बाहेरचा आवाज मुद्रित करून घेऊन तो पॅडवर ठेवता येतो अशी यंत्रे बाजारात आहेत. म्हणजे आठ पॅड कंपनीचे असू द्यावेत. नवव्यावर काय ठेवावे हे आपल्या हाती आहे. केळापूरकडच्या एखाद्या म्हाताऱ्याने वाजविलेली ढोलाची थाप, पुसदच्या एखाद्या तांड्यातला नगारा, शेकून तापलेल्या डफड्याचा कडक बोल, हे त्याच्या संमतीने, त्याला बिदागी देऊन, त्याचे नाव सांगून घेता येतील. एवढे मात्र ध्यानात असावे की, नमुना घ्यावयाचा तर मूळ वाजविणारा गावात असावा लागतो. तो वाजवीत राहावा असे वाटत असेल, तर त्याने पायरीखाली उभे राहून वाजविण्याचे दिवस कायमचे सरले पाहिजेत. मानाने बोलावले तरच तो येईल, आणि तेच योग्य.

या दिवाळीत अंगणात पणत्या लावताना दुरून धुमाल ऐकू आली, तर कान देऊन ऐका. आठ थापा ओळखीच्या लागतील. नववी कोणाची आहे, ते मात्र त्या पॅडवाल्या पोराजवळ जाऊन जरूर विचारा.